धागा: मीडियाविकी आपल्या लॅपटॉपवर उभे करणे, आणि मराठी-कोंकणीसाठी ते खरोखर कामाचे करणे

मांडवीतीर | १२ जून, रात्री ९:४०

फोंड्यात आठ-दहा जण एकत्र बसून मीडियाविकीच्या कोडवर काम सुरू करायचे ठरले आहे. हे विकिपीडियामागचे मुक्त सॉफ्टवेअर. आपली गोंयची कोंकणी विकिपीडिया २०१५ पासून त्यावर चालते, मराठी विकिपीडिया २००३ पासून. लॅपटॉप सगळ्या तऱ्हेचे आहेत: विंडोज, उबुंटू, दोन मॅक. दोन दिवसांतला पहिला दिवस नुसत्या मांडणीत (सेटअपमध्ये) जाऊ नये म्हणून हा धागा काढतोय.

पुढे नेमका कोणता दोष हाती घ्यायचा तेही सांगून ठेवतो. देवनागरी विकीवर वर्गाचे (कॅटेगरीचे) पान उघडले की ‘ॲ’ने सुरू होणारी नावे, म्हणजे ॲग्नेलो, ॲना, ॲलेक्स, ही ‘ह’च्याही खाली शेवटी जाऊन बसतात. गोव्यातल्या व्यक्तींच्या वर्गात अशी नावे भरपूर. हे आपल्या यंत्रावर तसेच्या तसे घडवून दाखवता आले तरच त्यावर बोलता येईल.

डॉकरची मूळ वाट देतो (डॉकर म्हणजे सॉफ्टवेअर तयार पेट्यांत, कंटेनरांत, चालवणारे साधन). आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलमध्ये त्या रोमन अक्षरांत टंकायच्या.

१. विकिमीडियाच्या गेरिटवरून (कोड ठेवायची आणि तपासायची जागा) ‘मीडियाविकी/कोअर’ या मूळ कोडचा क्लोन, म्हणजे प्रत, घ्या, फोल्डरचे नाव ‘मीडियाविकी’ ठेवा.
२. त्या फोल्डरात ‘.एन्व्ही’ नावाची फाइल करा. कोअरमधल्या ‘डेव्हलपर्स.एमडी’ या फाइलीत तिचा नमुना आहे, तोच चिकटवा. त्यात स्क्रिप्टचा मार्ग ‘/डब्ल्यू’, पोर्ट ८०८०, वापरकर्ता ‘ॲडमिन’ आणि परवलीचा शब्द ‘डॉकरपास’ असतो.
३. त्याच फाइलीत ‘एमडब्ल्यू_डॉकर_यूआयडी’ आणि ‘एमडब्ल्यू_डॉकर_जीआयडी’ या दोन ओळी जोडा. आपल्या वापरकर्त्याचा आणि गटाचा हे आकडे ‘आयडी -यू’ आणि ‘आयडी -जी’ या आज्ञा देतात.
४. ‘डॉकर कंपोज अप -डी’. तीन कंटेनर उठतात: मीडियाविकी, मीडियाविकी-वेब आणि मीडियाविकी-जॉबरनर.
५. ‘डॉकर कंपोज एक्झेक मीडियाविकी कंपोझर अपडेट’. कंपोझर लागणारी पीएचपीची पॅकेजे आणतो.
६. ‘डॉकर कंपोज एक्झेक मीडियाविकी /बिन/बॅश /डॉकर/इन्स्टॉल.एसएच’.

मग ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट, पोर्ट ८०८०. कुठे अडते ते ज्याला जे ठाऊक असेल त्याने जोडावे.

डिचोलीकार | १२ जून, रात्री १०:२५

वाट बरोबर आहे. लोक सर्वात जास्त अडकतात ते तिसऱ्या पायरीवर, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

यूआयडी-जीआयडी दिले नाहीत तर डॉकर फक्त इशारा छापतो आणि पुढे जातो. कंटेनर रूट (यंत्राचा सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून चालतो, कंपोझर ‘व्हेंडर’ फोल्डर रूटच्या मालकीचे करून ठेवतो. त्या घडीला काही बिघडलेले दिसत नाही. दुसऱ्या दिवशी फाइल बदलायला गेलात की ‘परमिशन डिनाइड’. त्यावर सुडो वापरून वेळ मारून नेली तर आणखी फाइली रूटच्या होतात. नीट उपाय एकच: कंटेनर थांबवा, ‘सुडो सीएचओन -आर’ने सगळे फोल्डर आपल्या नावावर करा, ‘.एन्व्ही’ दुरुस्त करा, पुन्हा अप.

उबुंटूवाल्यांनी दुसरी गोष्ट सांभाळायची. ‘अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस’ असा संदेश आला तर दोष परवानगीचा असतो. या मांडणीत डेटाबेस एसक्यूलाइट आहे, त्याच्या फाइली ‘कॅश/एसक्यूलाइट’मध्ये. अनेकजण तेवढ्या फाइलीलाच लिहिण्याची परवानगी देतात आणि दोष तसाच राहतो. कारण एसक्यूलाइट लिहिताना शेजारी जर्नलची तात्पुरती फाइल बनवते, म्हणजे लिहिण्याची मुभा फोल्डरलाही हवी. ‘सीएचमॉड -आर ओ+आरडब्ल्यूएक्स कॅश/एसक्यूलाइट’ दिले की सुटते.

डॉकर बसवताना उबुंटूच्या स्नॅपमधून घेऊ नका. स्नॅपमधला डॉकर बंदिस्त असतो, होम फोल्डरच्या बाहेरची ठिकाणे त्याला दिसत नाहीत. डॉकरच्या स्वतःच्या भांडारातून घ्या. ‘यूजरमॉड’ने स्वतःला डॉकर गटात घातल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करायला हवे, नवी टर्मिनल खिडकी उघडून भागत नाही.

कुळागर | १३ जून, सकाळी ७:५०

विंडोजबद्दल मी लिहिते.

डब्ल्यूएसएल २ (विंडोजच्या आत लिनक्स चालवणारी सोय) घ्या. पॉवरशेल ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘डब्ल्यूएसएल --इन्स्टॉल’, मग यंत्र पुन्हा चालू. व्हर्च्युअलायझेशन बंद असल्याची चूक आली तर ती बायोसमध्येच सुटते: इंटेलवर ‘व्हीटी-एक्स’, एएमडीवर ‘एसव्हीएम’ नावाने पर्याय असतो. हे घरी करून यायला सांगा, कारण बायोसमध्ये शिरायची कळ प्रत्येक कंपनीची वेगळी.

कोड कुठे ठेवता यावर सगळे अवलंबून आहे. सी ड्राइव्हवर, म्हणजे लिनक्सच्या बाजूने ‘/एमएनटी/सी’खाली, क्लोन घेऊ नका. मीडियाविकीचे एक पान उघडताना पीएचपी शेकडो फाइली वाचते आणि प्रत्येक वाचन दोन फाइलव्यवस्थांमधला पूल ओलांडून जाते. पान उघडायला इतका वेळ लागतो की काहीतरी बिघडले असेच वाटते. डब्ल्यूएसएलमधल्या उबुंटूच्या होम फोल्डरात क्लोन घ्या आणि व्हीएस कोडमधून डब्ल्यूएसएलच्या जोडणीने उघडा.

स्मृती: डब्ल्यूएसएल २ आपणहून यंत्राच्या निम्म्या रॅमपर्यंत जाते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ४ जीबी तिकडे, उरलेल्यात विंडोज आणि ब्राउझर. चालते, पण कंपोझर अपडेट करताना ब्राउझरच्या खिडक्या कमी ठेवा. मर्यादा बदलायची तर विंडोजमधल्या आपल्या वापरकर्ता फोल्डरात ‘.डब्ल्यूएसएलकॉन्फिग’मध्ये ‘मेमरी’ची ओळ लिहायची आणि ‘डब्ल्यूएसएल --शटडाउन’ द्यायचे. शटडाउन दिल्याशिवाय बदल लागू होत नाही.

क्लोन घेणारा गिट मात्र उबुंटूच्या आतला वापरा. विंडोजचा गिट ओळींच्या शेवटी स्वतःची खूण घालू शकतो, मग शेल स्क्रिप्ट चालवताना ‘बॅड इंटरप्रिटर’ आणि त्यापुढे ‘^एम’ दिसतो. तसे झालेच तर ‘कोअर.ऑटोसीआरएलएफ’ फॉल्स करून क्लोन नव्याने घ्या.

खाजन | १३ जून, दुपारी १:१५

पहिल्यांदा पान उघडल्यावर रंग-रूप नसलेला उघडा मजकूर आणि ‘वेक्टर-२०२२ उपलब्ध नाही’ अशा अर्थाची सूचना दिसेल. घाबरू नका. कोअरच्या भांडारात त्वचा, म्हणजे स्किन, नसते. ‘स्किन्स’ फोल्डरात ‘वेक्टर’चा वेगळा क्लोन घ्या, ‘लोकलसेटिंग्ज.पीएचपी’च्या तळाशी ‘डब्ल्यूएफलोडस्किन’ची ओळ लिहा.

विस्तारांचेही (एक्स्टेन्शनचेही) तसेच. कोअर ‘मास्टर’वर (ताज्या, चालू शाखेवर) असेल तर विस्तारही मास्टरवर हवा. कोअर १.४३ च्या शाखेवर असेल (तिला पीएचपी ८.१ लागते) तर विस्तारही त्याच शाखेचा. एक मास्टर आणि एक जुना असे मिसळलेत की ‘क्लास नॉट फाउंड’ येतो, आणि लोक तासभर कोड वाचत बसतात.

दर ‘गिट पुल’नंतर दोन कामे: कंपोझर अपडेट, आणि ‘पीएचपी मेंटेनन्स/रन.पीएचपी अपडेट’. दुसरे विसरले तर ‘नो सच कॉलम’ किंवा ‘नो सच टेबल’.

पोर्टबद्दल: ८०८० वर दुसरे काही चालू असेल तर ८०८१ करा, पण तीन ठिकाणी. ‘.एन्व्ही’मध्ये ‘एमडब्ल्यू_डॉकर_पोर्ट’, तिथेच ‘एमडब्ल्यू_सर्व्हर’, आणि मांडणी आधी झाली असेल तर ‘लोकलसेटिंग्ज’मधला ‘डब्ल्यूजीसर्व्हर’. एकच बदललात तर पान ८०८१ वर उघडते आणि पहिल्याच दुव्यावर ८०८० कडे पळते. फोनवरून पाहायचे असेल तेव्हा हेच कारण पुन्हा भेटते: सर्व्हरचे नाव ‘लोकलहोस्ट’ असल्यामुळे फोन स्वतःकडेच वळतो. तिथे लॅपटॉपचा वायफायवरचा आयपी पत्ता लिहा. तरीही उघडले नाही तर वायफायवर यंत्रांना एकमेकांपासून तोडून ठेवले असण्याची शक्यता मोठी, कॉलेजांच्या जाळ्यात ते सर्रास असते. एका फोनचा हॉटस्पॉट लावून पाहा.

तिसवाडी | १३ जून, संध्याकाळी ६:३०

दहा लॅपटॉप एका जोडणीवर एकाच वेळी क्लोन आणि डॉकरच्या प्रतिमा (इमेज, ज्यांपासून कंटेनर बनतात) उतरवायला लागले तर काम दुपारपर्यंत सुरू होणार नाही. त्यात जून-जुलैचा पाऊस, वीज आणि नेट दोन्ही जाते-येते. आधीच तयारी करून पेनड्राइव्ह न्या. पण त्यातही फसायच्या जागा आहेत.

तुटलेला गिट क्लोन जिथे थांबला तिथून पुढे जात नाही, परत शून्यापासून सुरू होतो. म्हणून पहिला क्लोन ‘--डेप्थ=१’ने घ्या. तेवढ्यात आजच्या फाइली येतात, जुना इतिहास नाही. इतिहास लागला तर नंतर ‘गिट फेच --डीपन’ने तुकड्या-तुकड्याने, किंवा ‘--अनशॅलो’ने एकदम.

एका यंत्रावर सगळे उभे करा, कंपोझर अपडेटसकट. मग प्रतिमा ‘डॉकर सेव्ह -ओ’ने एका फाइलीत, आणि मीडियाविकी फोल्डर ‘टार’ करून, म्हणजे एका गठ्ठ्यात बांधून, दुसऱ्या फाइलीत. दुसऱ्या यंत्रावर ‘डॉकर लोड -आय’, टार उलगडा, ‘.एन्व्ही’तले यूआयडी-जीआयडी त्या यंत्राचे घाला, मग अप.

टारच का? पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅट असतो. त्यावर फोल्डर उघडे टाकले की फाइलींची ‘चालवण्याची परवानगी’ पुसली जाते. साच्यांत लुआ भाषा चालवणाऱ्या स्क्रिबुंटो विस्तारासोबत येणारा लुआचा बायनरी त्यामुळे चालत नाही आणि असे साचे (टेम्प्लेट) असलेल्या पानांवर ‘इंटरप्रिटर एक्झिटेड विथ स्टेटस १२६’ येतो. टारच्या आत परवानग्या जपल्या जातात. शिवाय फॅट३२ वर एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावत नाही, तेव्हा पेनड्राइव्ह एक्सफॅट करून घ्या.

इंटेल यंत्रावरून ‘सेव्ह’ केलेल्या प्रतिमा एम-चिपच्या मॅकला देऊ नका, त्यांच्यासाठी एका मॅकवरून वेगळ्या काढा. तिथे स्क्रिबुंटोच्या सोबतचा लुआही उपयोगाचा नाही. कंटेनरमध्ये ‘लुआ ५.१’ बसवून ‘डब्ल्यूजीस्क्रिबुंटोइंजिनकॉन्फ’मध्ये ‘लुआपाथ’ दाखवावा लागतो.

डेस्कटॉपवर काम करताना वीज गेली आणि नंतर गिट ‘ऑब्जेक्ट फाइल इज एम्प्टी’ म्हणू लागला, तर सगळे फेकायची गरज नाही. ‘.गिट/ऑब्जेक्ट्स’मधल्या शून्य आकाराच्या फाइली शोधून काढून टाका, ‘गिट फेच’ द्या, ‘गिट एफएससीके’ने तपासा. आधी फोल्डरची एक प्रत काढून ठेवा.

मांडवीतीर | १३ जून, रात्री ८:०५

तिसवाडी, देव बरें करूं. टारचा मुद्दा ठाऊक नव्हता, १२६ चे कारण आता कळले.

आता आशय. रिकाम्या विकीवर ‘ॲ’चा दोष दाखवता येणार नाही, खरी पाने हवीत. ती कशी आणावीत?

खाजन | १३ जून, रात्री ९:२०

कोंकणी विकिपीडियाचे ‘स्पेशल:एक्सपोर्ट’, म्हणजे निर्यातीचे, पान उघडा, वर्गाचे नाव देऊन पानांची यादी भरा. ‘फक्त सध्याची आवृत्ती’ आणि ‘साचे समाविष्ट करा’ या दोन्ही खुणा लावा. आलेली एक्सएमएल फाइल मीडियाविकी फोल्डरात ठेवा, कंटेनरला ती दिसते. मग ‘रन.पीएचपी इम्पोर्टडम्प’ आणि फाइलीचे नाव.

आयात चालू असताना ‘डेटाबेस इज लॉक्ड’ येऊ शकते. एसक्यूलाइट एका वेळी एकालाच लिहू देते, आणि जॉबरनर मागे लिहीत असतो. ‘डॉकर कंपोज स्टॉप मीडियाविकी-जॉबरनर’ देऊन आयात करा. नंतर ‘रन.पीएचपी रनजॉब्स’, ‘रीबिल्डरिसेंटचेंजेस’, ‘इनिटसाइटस्टॅट्स’. रनजॉब्स संपेपर्यंत वर्गांची पाने अर्धवट दिसतील, तो दोष समजू नका.

पानावर ‘#इफ’ उघडे दिसले तर पार्सरफंक्शन्स हा विस्तार नाही. ‘#इन्व्होक’ दिसला तर स्क्रिबुंटो नाही. संदर्भांच्या खुणा उघड्या दिसल्या तर संदर्भांचा ‘साइट’ (सीआयटीई) विस्तार नाही. चित्रांसाठी ‘डब्ल्यूजीयूजइन्स्टंटकॉमन्स’ ट्रू करा, म्हणजे कॉमन्सवरून थेट येतात. त्याला नेट लागते.

सगळे विस्कटले तर ‘कॅश/एसक्यूलाइट’ काढा, ‘लोकलसेटिंग्ज’चे नाव बदलून बाजूला ठेवा आणि इन्स्टॉलची आज्ञा परत द्या. नवा विकी काही मिनिटांत.

वाळवंटी | १४ जून, सकाळी ११:००

इथवर सगळे यंत्राचे झाले. पान उघडले म्हणजे मांडणी झाली असे इंग्रजीत काम करणाऱ्याला म्हणता येते, आपल्याला नाही. आपली मांडणी तेव्हाच पुरी, जेव्हा भाषेचे दोष घरच्या विकीवर दिसू लागतील. मी ज्या गोष्टी तपासतो त्या सांगतो.

कोणत्याही पानाच्या पत्त्याला ‘यूजलँग=एमआर’ जोडा, मग ‘जीओएम-देवा’, मग ‘जीओएम-लॅटन’. राजभाषा कायद्यात १९८७ पासून कोंकणी म्हणजे देवनागरीतली, पण रोमीत (रोमन लिपीत) वाचणारे गोंयकार कमी नाहीत, आणि मीडियाविकीत दोन्हींचे संकेत वेगळे आहेत. तेच बटण तिन्हींत पाहा. इंग्रजीत मावलेला शब्द मराठीत दोन ओळींचा होतो. ओळीची उंची बांधलेली असेल आणि बाहेरचे लपवायला सांगितले असेल तर वरची वेलांटी, रफार आणि खालचा उकार कापले जातात. ‘लेटर-स्पेसिंग’ लावलेली मथळ्याची ओळ दिसली तर लगेच नोंद करा, शिरोरेषा तुटते.

संदेश कोणत्या नावाचा हे कळायला ‘यूजलँग=क्यूक्यूएक्स’. मजकुराऐवजी संदेशांची नावे दिसतात. भाषांतर सुधारायचे असेल तर ‘एमआर.जेसन’ला हात लावू नका, ते ट्रान्सलेटविकी या भाषांतराच्या संकेतस्थळावरून येते आणि तुमचा बदल पुसला जातो. कोडमध्ये नवा संदेश घालताना फक्त ‘ईएन.जेसन’ आणि त्याचा खुलासा ‘क्यूक्यूक्यू.जेसन’मध्ये. खुलासा नीट लिहिलात तर पुढचा मराठी भाषांतरकार तुम्हाला दुवा देईल, कारण एकट्या ‘ओपन’ शब्दावरून ‘उघडा’ की ‘खुले’ हे कसे कळणार?

आता ‘ॲ’. मीडियाविकीचा मूळ वर्गक्रम ‘अपरकेस’ नावाचा, तो निव्वळ युनिकोडच्या आकड्यांवर लावतो. ‘अ’चा आकडा ०९०५, ‘ह’चा ०९३९, आणि ‘ॲ’ मागाहून आला म्हणून ०९७२ वर बसला. आकड्याने ‘ह’नंतर, म्हणून पानावरही ‘ह’नंतर.

पण थांबा, त्यातच दुसरा दोष लपलेला आहे. काही कळफलक ‘ॲ’ हे एक अक्षर लिहितात, काही ‘अ’वर ‘ॅ’ची खूण चढवतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच. मीडियाविकी शीर्षकांना एनएफसी रूप (समतुल्य अक्षरे एकसारखी करणारे युनिकोडचे रूप) देते, पण युनिकोडच्या नियमात ही दोन रूपे समतुल्य मानलेलीच नाहीत, त्यामुळे ती एक होत नाहीत. परिणाम: एकाच नावाची दोन पाने बनू शकतात, एक वर्गात ‘अ’खाली, दुसरे तळाशी. चाचणीसाठी दोन्ही रूपांत एकेक पान मुद्दाम बनवा.

‘वऱ्हाड’चेही तसेच. कोणी ‘ऱ’ वापरून लिहितो, कोणी ‘र्’नंतर अदृश्य जोडचिन्ह टाकून. दिसायला एक, आत दोन वेगळी शीर्षके. शोधात एकाला दुसरे सापडत नाही.

कुळागर | १४ जून, दुपारी ३:३५

वाळवंटी, उपाय म्हणून ‘लोकलसेटिंग्ज’मध्ये वर्गक्रम ठरवणारे ‘डब्ल्यूजीकॅटेगरीकोलेशन’ ‘यूसीए-डिफॉल्ट’ केले तर? मी आत्ताच करून पाहिले. पीएचपीचा ‘इंटल’ विस्तार लागतो, तो प्रतिमेत आहेच. नुसती ओळ बदलून पान ताजे केले तर जुनाच क्रम राहतो, कारण क्रमाची किल्ली प्रत्येक नोंदीसोबत डेटाबेसमध्ये साठवलेली असते. ‘रन.पीएचपी अपडेटकोलेशन’ चालवल्यावर ‘ॲ’ची नावे वर स्वरांत आली, ‘क’च्या आधी.

वाळवंटी | १४ जून, दुपारी ४:१०

अगदी तेच. मात्र ‘यूसीए-डिफॉल्ट’ हा सगळ्या भाषांचा सामाईक क्रम आहे. त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर येतो. आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ‘माल’, ‘माळ’, ‘माव’, ‘माह’ अशी चार पाने बनवून पाहा. ‘ॲ’ सुटतो, ‘ळ’ सुटत नाही. म्हणून तक्रार दोन वेगळ्या नोंदींत लिहायची, एकत्र केली तर ‘ॲ’चा सोपा बदलही ‘ळ’च्या चर्चेत अडकून पडेल.

डिचोलीकार | १४ जून, संध्याकाळी ७:४५

बदल पाठवण्याचे राहिले. गेरिटला एसएसएचने जाताना पोर्ट २९४१८ लागते, आणि कॉलेज-कचेऱ्यांचे जाळे ते बहुधा अडवते. ‘गिट रिव्ह्यू -एस’ नुसते लटकून राहिले तर हेच कारण. गेरिटच्या सेटिंगमधून एचटीटीपीचा परवलीचा शब्द काढून ‘एचटीटीपीएस’ने ढकला.

‘मिसिंग चेंज-आयडी’ आले तर हुक (कमिटच्या संदेशात ती ओळ घालणारी स्क्रिप्ट) बसलेला नाही. ‘गिट रिव्ह्यू -एस’ एकदा यशस्वी होऊ द्या, मग ‘गिट कमिट --अमेंड’. संदेशात ‘बग:’ची ओळ आणि ‘चेंज-आयडी’ची ओळ लागोपाठ, मध्ये मोकळी ओळ नको. ढकलण्याआधी कंटेनरमध्ये ‘कंपोझर फिक्स’ आणि ‘कंपोझर टेस्ट’. टॅबऐवजी स्पेस घातल्याची चूक तिथेच पकडली जाते.

मांडवीतीर | १४ जून, रात्री ९:१५

कुळागर आणि वाळवंटी यांच्या चाचण्यांवरून बसायच्या दिवसाची पहिली फाइल ठरली: ॲग्नेलो (एकाक्षरी), अॅग्नेलो (दोन खुणांचा), वऱ्हाड (दोन्ही रूपांत), माल, माळ, माव, माह. ही आठ पाने एक्सएमएल करून पेनड्राइव्हवर टारच्या शेजारी ठेवतोय, म्हणजे नेट नसले तरी आयात होईल. विंडोजवाल्यांनी बायोस आणि डब्ल्यूएसएल घरी करून यावे. मॅकच्या प्रतिमा कोणाकडून घ्यायच्या तेवढे सांगा.

तिसवाडी | १४ जून, रात्री ९:५०

मॅकच्या मी काढते. लुआ ५.१ घातलेली प्रतिमाच सेव्ह करते, म्हणजे तिथे काही बसवावे लागणार नाही. फक्त ‘लुआपाथ’ची ओळ ‘लोकलसेटिंग्ज’मध्ये प्रत्येकाने लिहायची.